शुश्रूषेचे तास

म्हाताऱ्या माणसांसाठी आपल्याकडे कायदा आहे, पेन्शन आहे, विमा आहे, १४५६७ ही हेल्पलाइनही आहे. २००७ च्या कायद्यानुसार न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, आणि वृद्धाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. श्रावणबाळ योजनेतून गरीब वृद्धांना महिना दीड हजार रुपये मिळतात. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळू शकतात. हे सगळे हवेच आहे. पण यात सांभाळणारा माणूस जवळजवळ कुठेच नाही. कायद्याला मुलगा-मुलगी दिसतात ती त्यांनी कसूर केल्यावर, आणि जिच्या हातून बहुतेक घरांत हे काम होते त्या सुनेचा २००७ च्या व्याख्येत उल्लेखही नाही. माझे म्हणणे असे की, अंथरुणाला खिळलेला वृद्ध ज्या घरात आहे त्या घराला पैशाइतकीच, कित्येकदा पैशाहून जास्त, गरज मोकळ्या तासांची असते. आणि ते तास पुरवणे हे सरकारचे आणि समाजाचे काम मानले पाहिजे.

पक्षाघाताच्या रुग्णाची शुश्रूषा म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. साधारण दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. ते चुकत गेले की माकडहाडावरची कातडी आधी लाल होते, मग सोलवटते आणि जखम थेट हाडापर्यंत पोचू शकते. गिळण्याचा त्रास असेल तर पातळ पाण्यानेच ठसका लागतो, म्हणून प्रत्येक घोट बसवून, सावकाश द्यायचा. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच राहील हे पाहायचे. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा असतात, पण हे सारे हाताला धरून शिकवणारे कुणी क्वचितच भेटते. हे काम कोण करते, याचा अंदाज २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातून येतो. १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांच्या देखभालीत असतात आणि रोज सरासरी १४० मिनिटे देतात, पुरुष २१.४ टक्के, आणि तेही ७४ मिनिटे. यात मुलांचे संगोपन मिळवलेले आहे, त्यामुळे निव्वळ वृद्धसेवेचा हा आकडा नव्हे. पण घरातल्या सेवेची वाटणी कशी होते, ते यातून पुरेसे कळते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आईवडिलांची सेवा हे कर्तव्य आहे, त्यात सरकारने हात घातला की मुले अंग काढून घेतील. मला हे पटत नाही. केरळने २००८ साली उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले, आणि पंचायतींच्या आधाराने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. ती परिचारिका जखम धुते, नळी बदलते, पुढचे काही दिवस काय करायचे ते घरच्यांना दाखवते आणि निघून जाते. उरलेले सगळे दिवस घरचेच सांभाळतात. तिच्या येण्याने कर्तव्य संपत नाही, ते झेपण्याजोगे होते. उलट सलग कित्येक रात्री जागलेल्या माणसाच्या तोंडून नको ते निघते, कधी हातूनही काही होते, आणि मग आपण त्याला निष्ठुर म्हणून मोकळे होतो. छळ करणारी मुले आहेत, त्यांच्यासाठी कायद्याचा धाक असलाच पाहिजे. मात्र थकलेल्याला धाकाचा काय उपयोग?

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो वजनदार आहे. जर्मनीने १९९५ पासून शुश्रूषेसाठी सक्तीचा वेगळा विमा सुरू केला; सांभाळणाऱ्या नातेवाइकाच्या पेन्शनचा हप्ताही त्यातून भरला जाऊ शकतो. आपल्याला ते आज परवडणार नाही, हे मान्य. पण अंथरुणातली जखम चिघळली की तोच रुग्ण रुग्णालयात येतो आणि तिथे विम्याचे पैसे खर्च होतातच. ती जखम टाळणाऱ्या घरच्या सेवेला मात्र त्या पाच लाखांतला रुपयाही लागू नाही. ज्यांना परवडते ते ब्युरोकडून बारा तासांची मावशी ठेवतात. तिचे प्रशिक्षण किती, ओळख पटवलेली आहे का, हे बहुधा नशिबावर सोडलेले असते. परक्या माणसावर घर कसे सोपवायचे, ही भीती म्हणूनच खोटी नाही. तिच्यावर उपाय म्हणजे सरकारी प्रशिक्षण आणि नोंदणी, आणि त्या मावशीलाही धड पगार.

सुरुवात लहान असू शकते. गावोगावची विरंगुळा केंद्रे चालत्या-फिरत्या ज्येष्ठांसाठी आहेत. स्मृतिभ्रंशाच्या किंवा चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला तिथे जागा नसते. त्यातल्या काहींत आठवड्यातून दोन दुपारी प्रशिक्षित माणसे आणि ने-आणीची गाडी ठेवता येईल, म्हणजे घरातल्या बाईला झोपता येईल, बँकेत जाता येईल, स्वतःचे दुखणे डॉक्टरला दाखवता येईल. नोकरीचे नियमही बदलायला हवेत. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत रजा मिळते, आणि ती योग्यच आहे. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी तशी वेगळी रजा नाही. साठवलेली अर्जित रजा मोडावी लागते. अशी रजा आणताना ती मुलगा आणि मुलगी दोघांनाही द्यावी, आणि मुलाने ती घ्यावी म्हणून कार्यालयांनी मुद्दाम आग्रह धरावा. नाहीतर रजेचा अर्जही पुन्हा बायकोच्याच नावाने जाईल.