परक्या गावचे ताट

आपल्या गावात लागलेली भूक आणि परक्या गावात लागलेली भूक यांची जात एक नसते. घरच्या भुकेला वाट ठाऊक असते. ती पायांना न विचारता स्वयंपाकघराकडे नेते. परगावी मात्र दिवस कलला की तीच भूक माणसाला एकाएकी जाणवून देते की एवढ्या मोठ्या वस्तीत आपल्या नावाची चूल कुठेच पेटलेली नाही. मग दुकानांच्या पाट्या वाचत, काचेआडची माणसे न्याहाळत, खिशातल्या पैशांचा मनातल्या मनात हिशेब करत तो चालत राहतो. एका दाराशी थबकतो, दर पाहून पुढे सरकतो. दुसरीकडे दर परवडतो, पण रिकामी टेबले पाहून मन कचरते. परकेपणाची पहिली जाणीव अनोळखी भाषेतून येते असे आपण समजतो. मला वाटते, ती जेवणाच्या वेळेला येते.

मी कारंजा (घाडगे) येथला. वर्धा जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव नागपूर–अमरावती महामार्गावर वसले आहे. हजिरा ते कोलकाता असा अवघा देश आडवा ओलांडणारा हा रस्ता पूर्वी क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई, आता त्याचा आमच्याकडचा भाग ५३ म्हणून ओळखला जातो; पण क्रमांकाने त्याच्या स्वभावात काही फरक पडला नाही. त्यावरून जाणाऱ्या बहुतेकांच्या लेखी कारंजा हे आरंभाचेही गाव नाही आणि मुक्कामाचेही नाही. ते मधले गाव आहे. मधल्या गावात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लहानपणापासून पाहायला मिळते, ती म्हणजे परक्यांची भूक. पंजाबातून, गुजरातेतून, ओडिशातून आलेली माणसे धाब्यावरच्या खाटेवर पाय सैल सोडून बसत, डाळ, शेवभाजी, कांदा आणि तळलेली मिरची यांची वाट पाहत. आणि पहिला घास पोटात गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरची वाट हळूहळू पुसली जाताना मी पाहिली आहे. माणूस मूळचा कुठला, हे त्या क्षणी गौण होऊन जाते.

जिथे ट्रक उभे असतील तिथे जेवावे, असे आमच्याकडे सगळेच सांगतात. या म्हणण्याच्या मुळाशी काय आहे याचा मी पुष्कळदा विचार केला. ट्रकचालकाची जीभ इतरांहून चोखंदळ असते असे काही नाही. पण त्याच्यापुढे अवघी रात्र पडलेली असते; पोटाने दगा दिला तर चाक हातातून जाईल, हे त्याला कळते. आणि त्याहून मोठी गोष्ट ही की परतीचा माल भरून तो याच वाटेने पुन्हा येणार असतो. धाबेवाल्याला त्याच्या डोळ्याला डोळा पुन्हा भिडवायचा असतो. चांगल्या आणि परवडणाऱ्या जेवणाचे रहस्य आपण पाककौशल्यात शोधतो, मालकाच्या औदार्यात शोधतो. मला ते या पुन्हा भेटण्यात दिसते. ज्याला उद्या परत यायचे आहे त्याच्यासाठी रांधताना हात आपोआप प्रामाणिक होतो, आणि दरही.

माझी भाची शिकायला मँचेस्टरला गेली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच तिचा फोन आला. "मामाजी, इथं बाहेर एकदा जेवलं की चार दिवसांचा बाजार होते." तिच्या स्वरात तक्रारीपेक्षा संकोच अधिक होता, भुकेचे बोलताना आपली माणसे उगाच ओशाळतात. मी तिला काय सांगणार? मला इंग्लंडातल्या शहरांची ओळख पुस्तकांतूनच आहे. पण त्या रात्री मी गांधीजींचे आत्मचरित्र पुन्हा काढले, कारण इंग्लंडातल्या भुकेचे त्याहून निरागस वर्णन मला दुसरे ठाऊक नाही.

१८८८ च्या सप्टेंबरअखेर लंडनला पोचलेला तो मुलगा एकोणीस वर्षांचाही पुरता झालेला नव्हता. मांसाला शिवणार नाही हे आईला दिलेले वचन सोबत होते, आणि ते वचन पाळायचे कसे हे सांगणारे कुणी नव्हते. ज्या घरी राहायचा तिथल्या उकडलेल्या, मीठमसाल्याला पारख्या भाज्या घशाखाली उतरत नसत. पावाचा आणखी एक तुकडा मागायची लाज वाटे. मग तो शाकाहारी उपाहारगृहाच्या शोधात निघे. दिवसाला दहा-बारा मैल चालावे, एखाद्या स्वस्त ठिकाणी पावाने पोट भरावे आणि तरीही अतृप्तच राहावे, असा क्रम. एके दिवशी फॅरिंग्डन रस्त्यावर ते उपाहारगृह अखेर सापडले. मनाजोगती वस्तू हाती आल्यावर लहान मुलाला व्हावा तसा आनंद झाल्याचे त्यांनी पुढे लिहून ठेवले. दाराशी विक्रीला मांडलेल्या पुस्तकांतले हेन्री सॉल्टचे शाकाहारावरचे पुस्तक त्यांनी एक शिलिंग देऊन घेतले, आणि मग आत जाऊन इंग्लंडात आल्यानंतरचे पहिले पोटभर जेवण केले. पुस्तक आधी, ताट नंतर, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. आईच्या शब्दाखातर जे व्रत होते ते त्या पुस्तकाने त्यांच्या स्वतःच्या विचाराचे झाले. आणि विचाराला तिथवर आणले होते ते दमलेल्या पायांनी आणि रित्या पोटाने.

पुढे त्यांनी खर्च कमी करायला घेतला तो भागही मी भाचीला वाचून दाखवला. झोपडपट्टीवजा वस्तीत आठवड्याला दोन शिलिंगांच्या खोलीत राहणारा एक विद्यार्थी लॉकहार्टच्या स्वस्त कोको-गृहात दोन पेनींचा कोको आणि पाव घेऊन एक वेळ भागवतो, हे त्यांच्या पाहण्यात आले. तेव्हा त्यांनी दोन खोल्यांची एक केली, शेगडी घेतली; सकाळी ओटची लापशी आणि कोको, रात्री पाव आणि कोको घरीच, दुपारी तेवढे बाहेर. सव्वा शिलिंगात दिवस निघू लागला. या काटकसरीत कुढेपणाचा लवलेश नाही. राहणी आतून आणि बाहेरून एकसारखी झाल्याचे समाधान त्या पानांत आहे, आणि वाचताना ते आपल्यालाही स्पर्शून जाते.

ती कोको-गृहे तरी कुणासाठी होती? गोदीत, कारखान्यांत, रस्त्यांवर राबणाऱ्यांसाठी. कामगाराला दारूच्या गुत्त्याऐवजी बसायला ऊबदार जागा मिळावी, म्हणून मद्यपानाविरुद्धच्या चळवळीतून ती उभी राहिली. एका परदेशी विद्यार्थ्याची भूक तिथे भागावी अशी कुणाचीच योजना नव्हती. हे ध्यानात आले आणि मनात एक गाठ सुटली: परक्या माणसाला चांगले जेवण मिळते ते नेहमी दुसऱ्या कुणासाठी मांडलेल्या पंगतीत. ज्या ठिकाणाने केवळ परक्यांसाठी दार उघडलेले असते, तिथे त्याची एकदाच गाठ पडणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते, आणि त्या जाणिवेने अन्नातले काहीतरी निघून जाते. खाणावळ ही श्रमाची सावली आहे. श्रम जिथे उभा असेल तिथे ती पडते, तो हलला की तीही हलते.

या विचाराने मला माझ्याच जिल्ह्याच्या मातीत परत आणले, कारण मँचेस्टर आणि वर्धा यांचे नाते भाचीच्या जाण्याने जडलेले नाही. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायरच्या गिरण्या बंद पडत गेल्या. कापसाच्या त्या दुष्काळात विणकरांच्या बायकामुलांना पोटासाठी धर्मादाय सूपगृहांपुढे उभे राहावे लागले. आणि त्याच वर्षांत हिंदुस्थानातल्या कापसाला कधी नव्हे इतका भाव आला. हिंगणघाटचा लांब धाग्याचा कापूस तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडी होता. वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला तो १८६२ साली, याच काळात. एका खंडातल्या तोफांनी दुसऱ्या खंडातल्या चुली विझवाव्यात आणि तिसऱ्या खंडातल्या शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे पडावेत, ही व्यापाराची गती मला नेहमीच भयचकित करते. ज्या धाग्याने हे सगळे बांधले गेले तो आमच्या काळ्या मातीतून निघाला होता. पण तो विणणाऱ्याच्या पोटात काय पडते याची काळजी या गतीने कधी वाहिली नाही.

ती काळजी वाहिली खाणावळींनी. नागपुरात हलबा कोष्टी विणकरांच्या वस्त्यांतून सावजी भोजनालये निघाली. तिथला रस्सा खडे मसाले भाजून, वाटून, पूर्वी जवसाच्या तेलात शिजवलेला असे. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आणणारा, पण दिवसभर मागावर बसून आंबलेल्या अंगाला जागे करणारा. याच शहरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. आज ती गिरणी नाही, हातमागही जवळजवळ निमाले, पण रस्सा उरला आहे. मुंबईच्या गिरणगावात तर हा इतिहास बायकांच्या हातांनी लिहिला गेला. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीने राहत आणि शेजारच्या चाळीतल्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीने जेवत. पगार झाल्यावर पैसे. तोवर सावकाराकडून उचल आणून डाळ-तांदूळ भरायचे ते त्या बाईनेच. या खाणावळवाल्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेचे दार त्यांच्यासाठी उघडले. कामगाराच्या स्वस्त जेवणाची खरी किंमत कोण भरत होते, हे तेव्हा प्रथम हिशेबात आले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मालवत गेल्या तेव्हा या चुलीही मंदावल्या. त्या संपाच्या इतिहासात विझलेल्या भोंग्यांची नोंद आहे, या चुलींची फारशी नाही. मला ती उणीव बोचते.

राज्यसंस्थेलाही अधूनमधून या सावलीची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने सरकारी मदतीवर चालणारी सार्वजनिक भोजनगृहे काढली. चर्चिल यांनी त्यांना 'ब्रिटिश रेस्टॉरंट' असे नाव दिले. दोन हजारांहून अधिक भोजनगृहांत नऊ पेनींच्या आसपास पुरते जेवण मिळे. आपल्याकडे १९९५ नंतर एक रुपयाची झुणका-भाकर आली, २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी. या ताटांनी कितीतरी दिवस निभावून नेले आहेत आणि त्यांना कमी लेखणाऱ्याला भूक ठाऊक नाही. तरीही सरकार बदलले, तिजोरी आकसली की अशी ताटे डगमगतात. रांधणारा आणि जेवणारा यांच्या रोजच्या गाठीभेटीने टिकणारे ताट तिजोरीच्या भरवशावर नसते.

आणि सेवाग्राम? लंडनच्या रस्त्यांवर ताट शोधत हिंडलेला तो विद्यार्थी १९३६ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या त्या खेड्यात राहायला आला, आणि आश्रमाच्या पंगतीत स्वतःच्या हाताने वाढू लागला. बिनमसाल्याच्या उकडलेल्या भाज्या, कडू लिंबाची चटणी. ज्या उकडलेल्या भाज्या लंडनमध्ये घशाखाली उतरत नव्हत्या, त्याच आता त्यांनी विचारपूर्वक पानात घेतल्या होत्या. मला त्या अन्नाची ओढ नाही हे प्रांजळपणे सांगतो. आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसांची जीभ तिखटावर पोसलेली. पण पंगतीत कुणाच्या पानात काय हवे, कुणाला दूध अधिक लागते, कुणाला काय वर्ज्य आहे, हे लक्षात ठेवून वाढणारा तो हात मला परक्या शहरातल्या भुकेनेच घडवलेला वाटतो.

भाचीला अखेर सापडले ते कपड्यांच्या घाऊक दुकानांच्या मागच्या गल्लीत. मँचेस्टरच्या त्या जुन्या वस्तीत एकेकाळी पाकिस्तानातून आणि भारतातून आलेले कापड-व्यवसायातले लोक दुपारी घाईने जेवत, त्यांच्यासाठी निघालेल्या साध्या जागा. भाताचा ढीग आणि त्यावर कोणत्याही तीन भाज्या किंवा रस्से, एवढाच बेत. त्याचे नावही तिथे तेवढेच, 'राइस अँड थ्री'. आता त्या बाकांवर विद्यार्थी असतात, कचेऱ्यांतले इंग्रजही असतात. ब्रॅडफर्डच्या रात्रपाळीच्या लोकर-गिरण्यांनी, बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी अशाच जागा मागे ठेवल्या आहेत. ज्या शहराने आमचा कापूस नेला, त्या शहरात आमच्या मुलीला पोटभर भात मिळाला तो कापडाच्याच आसऱ्याने, आणि तिला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

इकडे २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. तोही आमच्याच जिल्ह्यातून जातो, पण गावांना न शिवता. सुरुवातीला त्यावर खाण्यापिण्याची सोय अगदीच तुटपुंजी होती. लोक डबे घेऊन निघत. सोयी होतील, पण ताशी शंभराहून अधिक वेगाने जाणारा प्रवासी आणि त्याला वाढणारा माणूस यांची दुसरी भेट होईल का, ही शंका मला सोडत नाही. वेग वाढतो तेव्हा अंतराइतकीच ओळखही कमी होत असावी. आमचा जुना रस्ता मात्र मालमोटारींनी अजून गजबजलेला असतो, आणि संत्र्याच्या हंगामात तोडणीचे, भरणीचे मजूर अंधार पडेपर्यंत चहाच्या टपऱ्यांशी दाटी करतात.

म्हणून कुणी वाटसरू कारंज्यात चांगले कुठे जेवावे असे विचारतो, तेव्हा मी त्याला महामार्ग सोडून आत यायला सांगतो. तहसिलीच्या आसपास, जिथे सातबाऱ्याच्या, फेरफाराच्या कामाला खेड्यापाड्यांचे शेतकरी पुन्हा पुन्हा खेटे घालतात, तिथे सकाळी तर्री-पोहे आणि आलूबोंडे असतात, दुपारी भाकर, वांग्याची भाजी आणि वरण-भात. पाटी बघू नये. सायकली आणि धोतरे बघावीत. आणि बाजाराच्या दिवशी जरा लवकर यावे, कारण दूरच्या गावची माणसे एकदा बसली की बाकावर जागा राहत नाही, आणि त्यांना उठवण्याची कुणाला घाई नसते.