देवाविना प्रार्थना

अमेरिकन ब्लूज गायक बॉबी ब्लँडचा 'टू स्टेप्स फ्रॉम द ब्लूज' हा गीतसंग्रह १९६१ साली ह्यूस्टनच्या ड्यूक रेकॉर्ड्सने काढला. त्यातली १२ गाणी बहुतेक फसलेल्या प्रेमाची आहेत. नुसती वाचली तर काही अगदी सामान्य वाटतील. ब्लँड वाद्य वाजवत नसे. जो स्कॉटने बांधलेल्या वाद्यमेळासमोर त्याच्यापाशी होता तो केवळ गळा. तरीही साठ वर्षांनंतर, आयुष्यात कधी चर्चची पायरी न चढलेला माणूसही या गाण्यांपुढे स्तब्ध होतो. याचे कारण संगीतशास्त्रापेक्षा धर्माच्या प्रांतात सापडते, असे मला वाटते. ही गाणी प्रार्थनेच्या घडणीची आहेत; ज्याला हाक मारायची तो देव मात्र त्यांत नाही.

ब्लँड जवळजवळ बोलल्यासारखा हळुवार गात असतो आणि मध्येच घशातून एक खरखरीत, फाटलेली आरोळी उसळते. ती आपण रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांच्या प्रवचनांतून उचलली, असे त्यानेच सांगितले आहे. फ्रँकलिन हे डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे उपदेशक आणि गायिका अरीथा फ्रँकलिनचे वडील. आपले घरटे हलवणाऱ्या गरुडाच्या बायबलमधील दृष्टांतावरचे त्यांचे प्रवचन ध्वनिमुद्रिकेवरून दूरवर पोचले होते. त्यांच्या प्रवचनात बोलणे हळूहळू सुरात शिरते, अर्थ मागे पडतो आणि उरते ती आर्त हाक. समोरचा समुदाय तिला ओ देतो. ब्लँडच्या गाण्यात ही ओ ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन देतात.

हे देवघरातली वस्तू बाजारात नेणे झाले, असा आक्षेप चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी ब्लूजवर नेहमीच घेतला. पण ही ये-जा दोन्हीकडून होती. 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवणाऱ्या थॉमस डॉर्सीची पत्नी १९३२ साली बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेले, आणि त्या दुःखातून त्याने 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे भजन रचले. दुसरा आक्षेप रसिकांचा: करुण रसाची गोडी हे पुरेसे स्पष्टीकरण असताना धर्म कशाला हवा? मला ते अपुरे वाटते. करुण रसात आपण परक्याचे दुःख अंतरावरून पाहतो. ब्लँडची आरोळी ते अंतरच ठेवत नाही, श्रोत्याला ती ओ देणाऱ्यांच्या रांगेत उभे करते. सर्वांत कठीण आक्षेप श्रद्धावंतांचा आहे: ऐकणारा नसेल तर ती प्रार्थना कसली? त्यात तथ्य आहे. सुटकेचे आश्वासन ब्लूज देत नाही आणि ती उणीव लहान नाही. पण आकांत करणाऱ्या भक्ताच्या हाती तरी त्या क्षणी देवाने ऐकल्याचा कोणता पुरावा असतो? शेजारी उभ्या माणसांनी ऐकले, एवढे त्याला नक्की कळते. दुःख एकट्याचे न राहणे, हा प्रार्थनेचा अर्धा तरी लाभ आहे, आणि तो ब्लँड नास्तिकालाही देतो.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी डॉर्सीचे ते भजन आणि या संग्रहातले 'लीड मी ऑन' लागोपाठ ऐकावे, आणि मग दोहोंमध्ये भिंत कुठे घालायची ते ठरवावे.