चेकनट आवळताना

मुंबईजवळची पावसाळ्यातली मनोरी डोळ्यांसमोर आणा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बोटी काठावर ओढून शाकारलेल्या. मार्वेहून येणारी फेरीबोट तेवढी खाडीत ये-जा करते. मोसमात टाळलेली इंजिनाची कामं आता निघतात. त्यातलं एकच घेऊन बसू: टॅपेटची फट जुळवणं. इंजिन पुरतं थंड आहे ना, हाताच्या तळव्यानं पाहा. नसेल तर थांबा.

झाकण काढा. फ्लायव्हील हातानं सावकाश फिरवा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला येईपर्यंत. दोन्ही व्हॉल्व मिटले. आता रॉकरला बोट लावून किंचित हलवा. तो जेवढा डुलतो, तेवढीच फट. बऱ्याच छोट्या डिझेल इंजिनांत ती पाव मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा इंजिनाच्या पुस्तकातून घ्यायचा.

या फटीपाशी जरा रेंगाळा. इंजिन तापलं की व्हॉल्वची दांडी लांबते. तिला जागा ठेवली नाही तर व्हॉल्व आपल्या बैठकीवर पुरता बसत नाही, जळता वायू कडेनं निसटतो आणि ती कड जळून जाते. जागा जास्त झाली तर टकटक सुरू होते, व्हॉल्व कमी उघडतो, ताकद घटते. म्हणजे थंड इंजिनातला हा ढिलेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. जे अजून तापलेलं नाही, त्याच्यासाठी.

फीलर गेजची पत्ती फटीत सरकवा. चेकनट सैल करून रॉकरचा स्क्रू फिरवत न्या, पत्ती ओढताना किंचित अडेपर्यंत. माप साधलं.

खरं काम इथून पुढे. एका हातात पेचकस, दुसऱ्या हातात रिंग पाना. पाना चेकनट आवळणार, आणि नट स्वतःबरोबर स्क्रूलाही ओढून नेऊ पाहणार. शिवाय आट्यांमधली बारीक मोकळीक नटाच्या ताणानं एका बाजूला खेचली जाते, तेवढ्यानंही माप हलतं. पेचकसवाल्या हाताकडे लक्ष द्या. त्याला काहीच फिरवायचं नाही. दुसरा हात जोर लावत असताना आपण जागचं न हलणं, हे दोहोंतलं जड काम, असं मला वाटतं. मनगट ताठरलं असेल तर थोडं सैल करा. पकड मात्र सोडू नका.

जुन्या अमेरिकन मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये हेच मोठ्या मापात चाले. फिरत्या ड्रमभोवती पोलादी पट्टा असतो. तेलाच्या दाबानं तो आवळला की ड्रम थांबतो आणि गिअर पडतो. १९६४च्या सुमारास आलेल्या फोर्ड सी-फोरमध्ये मधल्या पट्ट्याचा स्क्रू १० फूट-पाउंडांपर्यंत आवळायचा, मग पावणेदोन फेरे उलट सोडायचा. रिव्हर्सच्या पट्ट्याला तीन फेरे. मग स्क्रू धरून ठेवून नवा लॉकनट त्याच्या तिपटीहून जास्त जोरानं. आधी पूर्ण घट्ट, मग मोजून सैल, आणि तो सैलपणा पक्का करायचा. पट्टा कायम घासत राहिला तर जळतो, फार सैल राहिला तर घसरतो.

आता नटावर किती जोर? हाताच्या अंदाजावर जुन्या मिस्त्रींचा भारी विश्वास. पत्तीच्या बाबतीत मीही तो ठेवीन. नटाच्या बाबतीत नाही. पान्यावर लावलेल्या जोरातला बहुतेक भाग नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. खरी पकड साधारण दहाव्या हिश्शातून येते. खाऱ्या हवेत आटे गंजले की घर्षण आणखी खातं: हाताला घट्ट वाटतं, नट मात्र पुरता धरत नाही. टॉर्क पानाही तसाच फसतो. आटे तेलकट असतील तर उलट. कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या आकड्यावर स्क्रू गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. म्हणून आधी आटे साफ करा, पुस्तकात तेल सांगितलं असेल तरच लावा, मग आकडा. टॉर्क पान्यानं ‘कट्’ केलं की थांबा. खात्रीसाठी आणखी एक झटका देण्याची इच्छा होईल. ती येऊ द्या, हात मात्र मागे घ्या.

पेचकस उचला. पत्ती पुन्हा घाला. अडकली, तर नट सोडा आणि पहिल्यापासून. मघासारखी किंचित अडत सरकली, तर एक्झॉस्ट व्हॉल्वकडे वळा. तो जास्त तापतो, म्हणून पुष्कळ इंजिनांत त्याची फट थोडी मोठी सांगितलेली असते. पत्ती बदलून घ्या.