पाळणे आणि बांधणे



पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी कार्यालयात आली. बँकेत नोकरीला आहे, बदलीमुळे जालन्यात आली, भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहते. आम्हांला वाटले, घरमालकाची काही तक्रार असेल किंवा लग्नाचा विषय असेल. तिने विचारले, "फादर, मी सकाळी साडेआठला घर सोडते, रात्री आठला परत येते. मला कुठला प्राणी पाळता येईल?"

धर्मगुरूला लोक नाना प्रश्न विचारतात, पण हा आम्हांला नवा होता. आम्ही तो हसण्यावारी नेणार होतो. मग शेरू आठवला. तिला म्हणालो, "पुढच्या रविवारी ये. तोवर आम्ही विचार करतो." त्या आठवड्यात जो विचार झाला तो आपल्यापुढे ठेवीत आहोत, कारण तिच्यासारखी माणसे आपल्या जिल्ह्यात आता थोडी नाहीत. औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या कारखान्यांत लांबलचक पाळ्या करणारे, बियाण्यांच्या कंपन्यांत कामाला असणारे, रोज रेल्वेने किंवा एसटीने छत्रपती संभाजीनगरला जाऊन येणारे. घरात दोघेही कमावते, मुले शाळेत नाहीतर शिकवणीला, आणि मोबाइलवर कुणाच्या तरी गुबगुबीत पिल्लाचा फोटो.

शेरू आम्हांला पूर्वीच्या एका धर्मग्रामात नाताळची भेट म्हणून मिळाला. एका कुटुंबाने टोपलीत घालून, गळ्यात लाल फीत बांधून आणला होता. नाही म्हणवले नाही. पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. मग नेहमीची कामे सुरू झाली : वाड्यावस्त्यांवरची मिस्सा, आजाऱ्यांच्या भेटी, शाळेच्या बैठका. सकाळी मोटारसायकलला किक मारायची ती रात्रीच परत. शेरूला व्हरांड्याच्या खांबाला साखळी. वर्षभरात अंगणात साखळीच्या लांबीएवढे एक अर्धवर्तुळ उमटले. त्याच्या आत गवताची काडी उगवत नव्हती. तो रात्री भुंकायचा आणि आम्ही आतून ओरडायचो. एवढाच आमचा संवाद. त्याला भात वेळेवर मिळत होता, रेबीजची लस दिली होती, मारहाण कुणी केली नाही. तेव्हा आपण काही चुकतो आहोत असे आमच्या मनातही आले नाही. एक दिवस स्वयंपाकाच्या मावशी ताट ठेवता ठेवता म्हणाल्या, "फादर, तुम्हाला कुत्रं नव्हतं पाहिजे, कुलूप पाहिजे होतं."

पुढे आम्ही कायदा वाचला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या ११व्या कलमात जनावराला अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा म्हटला आहे. ते उपाशी-तहानलेले राहील अशा रीतीने सोडून देणे हाही. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. न्यायालयात आम्ही पन्नास रुपयांत सुटलो असतो. मावशींच्या त्या वाक्यातून अजून सुटलो नाही.

आपल्या मराठीत 'पाळणे' हा शब्द किती ठिकाणी येतो पाहा. जनावर पाळतात, शब्द पाळतात, व्रत पाळतात, वेळ पाळतात. तान्ह्या मुलाला ज्यात निजवतो तोही पाळणाच. गाय विकत घेतली म्हणजे ती पाळली असे होत नाही, जसे वेदीपुढे वचन उच्चारले म्हणजे ते पाळले असे होत नाही. ते रोज पाळावे लागते. म्हणून "माझ्या दिनक्रमाला कुठला प्राणी जमेल?" हा प्रश्न आम्हांला थोडा उलटा वाटतो. दुकानात चपलेचे माप पाहावे तसे आपण प्राण्याचे माप पाहतो. खरे म्हणजे माप आपले काढायचे आहे. ज्याच्याशी आपण करार करतो आहोत त्याला वाचता येत नाही, सही करता येत नाही, आणि करार मोडला तर तक्रारही करता येत नाही. कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षे, घरात जपलेल्या मांजराचे त्याहूनही जास्त. तेवढ्या काळात बँकेत किती बदल्या होतात, हे त्या मुलीलाच आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना या विषयावर आम्ही परीक्षेत चार ओळी लिहिल्या होत्या. संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे असे, की प्राण्यांशी निर्दयपणे वागणारा माणूस माणसांशीही तसाच वागू लागतो, म्हणून दया शिकावी. पुढे कांटनेही याच धर्तीचे मत मांडले. गुण चांगले मिळाले. पण शेरूच्या अर्धवर्तुळाजवळ उभे राहिल्यावर ते उत्तर अपुरे वाटले. आमचा स्वभाव बिघडला की नाही हा भाग वेगळा. कंटाळा त्याला येत होता, साखळी त्याच्या गळ्यात होती. त्याचे दुःख म्हणजे आमच्या सद्गुणांची सरावाची वही नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हेच सांगितले, की प्रत्येक जिवाचे मोल माणसाच्या उपयोगावर अवलंबून नाही.

ॲरिस्टॉटलने मैत्रीविषयी लिहिताना सहवासाला फार महत्त्व दिले आहे. मात्र माणसांचा सहवास म्हणजे बोलण्याची आणि विचारांची देवघेव. एका कुरणात चरणे हा गुरांचा सहवास, असे तो म्हणतो. (आज एका सोफ्यावर बसून चार जण चार मोबाइल पाहतात, त्याला तो काय म्हणाला असता कोण जाणे.) कुत्र्याला विचारांची देवघेव नको असते, ही मोठी सोय. पण कुरण तरी एक हवे. बायबलमधील तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबियाबरोबर एक कुत्रा प्रवासाला निघतो. तो काहीच पराक्रम करीत नाही. सोबत जातो आणि सोबत परत येतो.

आपल्या खेड्यांत हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिथे माणूस आणि जनावर दिवसभर एकाच शेतात असतात. २०१२-१३च्या दुष्काळात मराठवाड्यात चारा छावण्या उघडल्या तेव्हा शेतकरी जनावरे तिथे बांधून घरी निघून गेले नाहीत. बैलांशेजारी बाज टाकून महिनोन् महिने तिथेच राहिले. वेळ त्यांच्याकडेही नव्हता, आणि पैसा तर नव्हताच. शहरातल्या नोकरदाराला असे करता येणार नाही, हे आम्हांला कळते. त्याला फक्त आधी मोजता येईल.

तर मोजू. कुत्र्याचे पिल्लू दोन महिन्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये, आणि आणल्यावर पहिले काही महिने त्याला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते. मोठा कुत्रा सहा-आठ तास कसाबसा कळ काढतो. बारा तास कुलूपबंद घर हे त्याच्यासाठी घर नव्हे. त्यातही आपल्याकडचे उन्हाळे चाळीस अंशांच्या पुढचे. हस्की किंवा सेंट बर्नार्ड या बर्फाच्या मुलखातल्या जाती. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. असे केसाळ कुत्रे मे महिन्यात जालन्याच्या पत्र्याखाली ठेवणे याला हौस म्हणवत नाही. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, कुणी ना कुणी दिवसभर असते, त्यांनी कुत्रा जरूर पाळावा, आणि शक्यतो गावठी. इथले ऊन त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, आणि तो विकत घ्यावा लागत नाही.

पोपटाविषयी थोडे स्पष्ट बोलतो, कारण आपल्यापैकी काही घरांत पिंजरे आहेत आणि आम्ही तिथे चहा घेतला आहे. आपला हिरवा पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे, विकत घेणे, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेल्या कासवाचेही तसेच. "फादर, तो मिठू-मिठू बोलतो, आनंदात आहे," असे सांगतात. थव्यात राहणारा पक्षी एकटा पडला की समोर जो असेल त्याच्याशी बोलतो. मात्र हे वाचून आज संध्याकाळी पिंजऱ्याचे दार उघडू नका. वर्षानुवर्षे न उडालेला पक्षी बाहेर जगणार नाही; वन विभागाकडे सोपवा.

मासे सोपे वाटतात. गोल काचेच्या भांड्यातला मासा हळूहळू गुदमरतो. मोठी टाकी आणि गाळणयंत्र लागते, आणि ठरलेल्या दिवशी पाणी बदलावे लागते. जिथे नळाला अनेक दिवसांआड पाणी येते तिथे याचाही विचार करावा.

राहिले मांजर. दिवसातला बराचसा वेळ ते झोपते, एकटेपणा कुत्र्यापेक्षा बरा सोसते, आणि आपण आल्यावर आपल्याकडे पाहतेच असेही नाही. दोन वेळचे खाणे, लसी, नसबंदी, वाळूचे घमेले रोज साफ करणे आणि सुटीत गावी जाताना किल्ली ठेवायला एक भली शेजारीण, एवढे असेल तर कामावर जाणाऱ्याला ते जमू शकते.

आमच्या एका ज्येष्ठ धर्मग्रामस्थांना हे सारे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "माणसं उपाशी असताना कुत्र्यामांजरांचे लाड कशाला?" आक्षेप खरा आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही दोन्ही बाजू आहेत : प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, आणि माणसांच्या दुःखनिवारणावर आधी खर्च व्हायचा पैसा प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. हजारो रुपयांचे परदेशी जातीचे पिल्लू मिरवण्यासाठी घेतले तर त्यांचे बरोबर आहे. भाकरीचा तुकडा आणि वर्षाची लस यासाठी कुणी गरीब उपाशी राहत नाही.

जानेवारी २०२२मध्ये पोप फ्रान्सिस मुलांऐवजी कुत्री-मांजरे ठेवणाऱ्या दांपत्यांविषयी बोलले होते. तो संदेश कुणीतरी या मुलीला व्हॉट्सॲपवर पाठवला होता म्हणे. ते बोलणे एकट्या, नोकरीसाठी घरापासून दूर आलेल्या मुलीसाठी नव्हते, आणि पाठवणाऱ्याने तिला कधी जेवायला बोलावले होते काय, हे आम्ही विचारले नाही. पण विचारायला हवे होते, आणि आधी स्वतःला. ती आठ महिने आपल्याबरोबर मिस्साला येत होती. तिसऱ्या बाकावर बसते हे आम्हांला ठाऊक होते, संध्याकाळी कुणाशी बोलते हे ठाऊक नव्हते.

पुढच्या रविवारी ती आली. आम्ही सांगितल्याप्रमाणे तिने आठवडाभर घरातून निघण्याच्या आणि परतण्याच्या वेळा कागदावर लिहून आणल्या होत्या. बुधवारी ऑडिट होते, सव्वानऊ. शनिवारी दुपारी लवकर सुटली तर सरळ झोपली. आम्ही काही बोलण्याआधीच म्हणाली, "कुत्रा नाही, फादर." मग जरा थांबून म्हणाली की जिन्याखाली एक करडी मांजरी येते, तिचे पोट खपाटीला गेले आहे, आणि खालच्या काकू तिला दूध घालतात. तिची नसबंदी करून घेण्याचा खर्च दोघी मिळून करणार आहेत. वर आणायची की नाही ते मांजरी ठरवील.

"आणि तुमच्या शेरूचं काय झालं?" तिने विचारले.

शेरूला आम्ही एका मोसंबीच्या बागेतल्या कुटुंबाला दिला. तिथे तीन पिढ्या राहतात आणि दाराला कडी क्वचितच लागते. निघताना त्यांनी साखळी परत दिली, लागणार नाही म्हणाले. वर्षभराने त्या वस्तीवर मिस्साला गेलो, तेव्हा तो उठून आला, बूट हुंगले, दोन-तीनदा शेपटी हलवली. तेवढ्यात घरातले आजोबा मोटार सुरू करायला विहिरीकडे निघाले आणि तो त्यांच्यामागे गेला.

"वाईट वाटलं का?" ती म्हणाली.

वाटले.