फळ्यावरचं नाव

सातवीत मी वर्गाचा मॉनिटर होतो. करकंबच्या आमच्या शाळेत मॉनिटरचं मुख्य काम म्हणजे गृहपाठ न आणणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं. पहिलं नाव रोज एकाचंच असायचं. त्याला छडी बसायची, तो रडायचा, ‘उद्या नक्की आणतो’ म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वही विसरून यायचा. काल पाठ झालेला पाढा आज पुसलेला असायचा. सर म्हणायचे, ‘निबर झालाय.’ आम्हीही तेच म्हणायचो.

त्याची आई ऊसतोडीला जायची आणि संध्याकाळी प्यायची. तो पोटात असतानाही प्यायची, असं गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या. अभिमन्यूने आईच्या पोटात चक्रव्यूह ऐकला, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पोटात दारूही पोचते, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

१९७३ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी आठ मुलांची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली. मुलं एकमेकांच्या नात्यातली नव्हती, तरी त्यांची खुंटलेली वाढ आणि चेहऱ्याची ठेवण सारखी होती. सगळ्यांच्या आया दारूच्या आहारी गेलेल्या होत्या. आईच्या रक्तातली दारू वार ओलांडून बाळाच्या रक्तात जाते, आणि ती पचवायला बाळाचं यकृत अजून तयार झालेलं नसतं. मेंदू नऊही महिने घडत असतो. त्यातल्या काही पेशी मरतात, काही आपल्या जागी पोचतच नाहीत. पुढे लक्षात ठेवणं, स्वतःला आवरणं, आपण केलं काय आणि झालं काय याची सांगड घालणं, हेच अवघड होऊन बसतं. बऱ्याच मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. मग ती फक्त ‘निबर’ वाटतात.

आमच्या वर्गातल्या त्या मुलाला हेच झालं होतं, असं मी म्हणू शकत नाही. कुणी तपासलंच नाही. पण प्रश्न मनातून जात नाही. शिक्षा करताना आपण गृहीत धरतो की समोरचा आजच्या छडीवरून उद्याचं शिकेल. ती सांगड घालणारा भागच दुखावलेला असेल, तर छडी नेमकं कुणाला शिकवते?

मग दोष आईचा म्हणायचा? इंग्लंडमध्ये हा प्रश्न कोर्टात गेला होता. आईच्या दारूमुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या एका मुलीसाठी गुन्ह्याचा बळी म्हणून भरपाई मागितली गेली. २०१४ साली अपील कोर्टाने ती नाकारली. गर्भ ही कायद्याने वेगळी व्यक्ती नाही, म्हणून आईने गुन्हा केला असं होत नाही. मला हा निकाल पटतो. बाईला गुन्हेगार ठरवलं, तर ती दवाखान्यात खरं सांगणार नाही. आणि आमच्या गल्लीतल्या त्या बाईला सावध तरी कुणी केलं होतं? फ्रान्समध्ये २००७ पासून बाटलीवर गरोदर बाईसाठी इशारा असतो. आपल्याकडच्या बाटलीवरचा इशारा आरोग्याचं आणि गाडी चालवण्याचं बोलतो, पोटातल्या बाळाचं नाही. हातभट्टीच्या दारूला तर लेबलच नसतं.

पण दोषी कुणी सापडला नाही म्हणून प्रकरण मिटत नाही. इथेच आपली गफलत होते. आपण दोष शोधतो, तो कुणावर टिकला नाही की हात झटकतो, आणि सगळा भार गुपचूप त्या पोरावर येऊन पडतो. दोष कुणाचाच नसला तरी देणं उरतं. एका वेळी एकच सूचना, तीच गोष्ट न चिडता पुन्हा सांगणं, रोजचा ठरलेला क्रम, एवढ्यानेही अशा मुलांचं पुष्कळ सोपं होतं. यासाठी कुणाचा गुन्हा सिद्ध करावा लागत नाही.

तो आता टेंभुर्णी रस्त्यावरच्या एका हॉटेलात कामाला आहे. मागच्या दिवाळीत मी चहा प्यायला थांबलो, आणि तो पैसे घ्यायला विसरला. मालक त्याच्यावर खेकसला.

‘त्याची चूक नाही,’ मी म्हणालो, ‘मीच द्यायचे विसरलो.’