चिऊताईचे दार

ह्या पानांतून नेहमी थोर प्रमेयांची चर्चा होते. आज एका पोरासोरांच्या गोष्टीचा विचार मांडतो आहे, तरी हसू नये. आपल्या घरी मूल जेवायला बसले की एक घास चिऊचा, एक घास काऊचा. आणि निजायच्या वेळी पहिली गोष्ट तीही त्यांचीच. कावळ्याने शेणाचे घर बांधले, चिमणीने मेणाचे. पाऊस आला, शेणाचे घर वाहून गेले, मेणाचे राहिले. मग भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशी येऊन हाका मारतो आणि आतून उत्तर येते, थांब. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, थांब. अंग पुसायचे आहे, थांब. काजळ घालायचे, तीट लावायची, निजवायचे. थांब, थांब, थांब.

मागल्या पावसाळ्यात माझी नात ही गोष्ट ऐकत होती. आमचे घर नागपुरात महालात, जुने. वर कौले, खाली दोन बिऱ्हाडे. बाहेर पाऊस धो धो पडत होता. तीट लावण्यापर्यंत आलो, तोच तिने विचारले, “आबा, काऊन नाही उघडत ती दार?” मी म्हटले, तिला काम आहे ना माय. ती म्हणाली, “मग तोवर कावळा मेला का?”

साठ वर्षे ही गोष्ट मी ऐकत आलो, सांगत आलो. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

गोष्ट लहान, पण तिचे वय लहान नाही. म्हाइंभटांनी रिद्धपूरला संकलित केलेल्या लीळाचरित्रात, म्हणजे सुमारे १२७८ च्या ग्रंथात, शेणाच्या आणि मेणाच्या घराची ही गोष्ट येते. तिथे चिमणीच्या जागी साळई, म्हणजे साळुंकी आहे, इतकाच फरक. रिद्धपूर आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. पंथ महानुभावांचा, आपला वेगळा. पण गोष्ट सगळ्यांच्या आयांची. सातशे वर्षांहून अधिक काळ मराठी मूल आईच्या मांडीवर बसून हे बंद दार पाहत आले आहे. शेवट मात्र घरोघर निराळा. कुणाकडे दार उघडते आणि गारठलेला कावळा शेकायला बसतो तो चुलीवर भाजतो. कुणाकडे तो घरातले खाऊन टाकतो. कुणाकडे तो बाहेरच राहतो आणि तोवर मूल झोपी गेलेले असते, म्हणून शेवट सांगावाच लागत नाही.

आता चिमणीची बाजू आधी मांडली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. ती एक शब्दही खोटा बोलत नाही. बाळ खरेच आहे, पाणी खरेच तापले आहे. आणि कावळा काही देवमाणूस नव्हे. चिमण्यांची अंडी आणि पिल्ले तो खातो, हे ज्याच्या अंगणात झाड आहे त्याने पाहिलेले असते. घरात एकटी बाई, कडेवर लेकरू, बाहेर तिन्हीसांजेला कुणी हाक मारतो आहे. एकदम दार उघडू नको, हे शहाणपण त्या आयांनी गोष्टीत घालून मुलींना दिले असेल तर त्यांना नावे ठेवणारे आपण कोण?

पण जगात खरोखर काय चालते तेही पाहावे. चिमणी कधी आपले म्हणून घर बांधत नाही. तिचे घर म्हणजे आपली वळचण, कौलाखालची फट, भिंतीवरच्या तसबिरीची मागची बाजू. ती जन्मभर दुसऱ्याच्या घरातली बिऱ्हाडकरू. म्हणून तर कौले जाऊन सिमेंटची गच्ची आली, फटी बुजल्या, पिल्लांना भरवायचे किडे कमी झाले, आणि शहरांतून ती दिसेनाशी होऊ लागली. नाशिकच्या मोहम्मद दिलावरांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळतात, तो तिची आठवण ठेवण्यासाठी. आणि कावळा? तो काटक्यांचे, तारांच्या तुकड्यांचे घरटे बांधतो, शेणाचे नव्हे. त्या घरट्यात कोकिळा आपले अंडे टाकून जाते, आणि तो ते उबवतो, परक्या पिलाला चोचीने भरवून मोठे करतो. कळून करतो असे मी म्हणत नाही. पण करतो. गोष्टीतले आणि जगातले, दाराच्या आतले आणि बाहेरचे, असे उलटेपालटे झाले आहेत खरे.

आपल्या संप्रदायात कावळ्याला ह्याहून मोठा मान आहे. ज्ञानोबारायांच्या विराणीत पंढरीराया येणार की नाही हे विचारायचे तर त्यालाच विचारतात. आणि माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवून आपण हात जोडून त्याचीच वाट पाहतो. लहानपणी ज्याला दाराबाहेर ठेवले, त्याच्यापुढे मेल्यावर आपली सगळी मंडळी उभी असतात. तो लगेच येत नाही. आता थांबायची पाळी आपली.

हे मी पुस्तकातून काढलेले नाही. आमच्या खालच्या बिऱ्हाडात एक म्हातारे गृहस्थ राहत. बायको गेलेली, मूलबाळ नाही. गिरणीतली नोकरी संपून कितीतरी वर्षे झाली होती. रोज दिवेलागणीला जिना चढून येत आणि दाराबाहेरून विचारत, “बुवा, हाय का घरी?” काम काही नसे. दोन शब्द बोलायचे, गुडघ्याचे दुखणे सांगायचे, जुन्या महालातल्या चार गोष्टी; त्याच त्या. आणि नेमकी तीच वेळ माझ्या हरिपाठाची. मी आतून म्हणे, “काकाजी, थांबा जरा, हरिपाठ होऊ द्या.” हरिपाठ झाला की पोथी. पोथी झाली की पान वाढलेले. पंधरावीस मिनिटे ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसत, मग हळूहळू उतरून जात. उतरताना त्यांच्या काठीचा आवाज येई. तो ऐकून मला बरे वाटे, हेही लिहितो, कारण खोटे लिहून काय उपयोग.

मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. हरिपाठ खरा होता, पोथी खरी होती.

ते गेले ते रात्री केव्हातरी, एकटे. सकाळी दूधवाल्याने सांगितले. दहाव्याला त्यांचा पुतण्या आला होता, मीही गेलो. पिंड ठेवला. झाडावर चार-पाच कावळे होते, खाली एकही उतरेना. तासभर झाला. पुतण्याने हात जोडून घराचे, भांड्याकुंड्यांचे, काय काय कबूल केले. मग एकजण मला म्हणाला, तुम्ही शेजारी ना, तुम्हाला ठाऊक असेल त्यांची काय इच्छा राहिली ती. मला ठाऊक होती. चारचौघांत ती सांगायला माझी जीभ उचलली नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी घरी गेली.

कावळा का उतरला नाही, ह्याचे उत्तर मी शास्त्रातून काढत बसत नाही. भूक नसेल, माणसांची गर्दी असेल. माझा प्रश्न निराळा आहे. नेम मोडून दार उघडायला हवे होते काय? तर मग पुंडलिकाचे काय? आपल्या सगळ्या पंथाचा पायाच ‘थांब’ ह्या शब्दावर उभा आहे. साक्षात परमात्मा दाराशी आला आणि आईबापांची सेवा करणाऱ्या पुंडलिकाने त्याला आत घेतले नाही, उठूनही पाहिले नाही. त्याला आपण भक्तांचा राजा म्हणतो. आणि चिमणीला कठोर म्हणायचे, हा न्याय कसला?

पुष्कळ दिवस ह्या गाठीपाशी अडून होतो. मग लक्षात आले की पुंडलिकाने नुसते थांब म्हटले नाही. त्याने वीट टाकली. हाताशी जे होते ते दिले, बाहेरच्याला पाय टेकायला जागा दिली. सेवाही मोडली नाही आणि आलेला चिखलात उभा राहिला नाही. तो देव आहे हे ठाऊक होते म्हणून दिली, असे कुणी म्हणेल. म्हणो. वीट द्यायला देव ओळखावा लागत नाही. काकाजींना दारातून आत घेऊन कोपऱ्यात एक पाट दिला असता तर माझ्या हरिपाठातली एक ओळ कमी झाली नसती. उलट म्हणणारा एक वाढला असता.

आणि हे माझ्या एकट्याचेच आहे काय? चोखोबाराय पंढरीला दाराबाहेर उभे राहिले ते काही एक रात्र नव्हे. त्यांना थांबवणारेही खोटे बोलत नव्हते. सोवळे खरे होते, पूजा खरी होती, आत देवाला स्नान चालले होते. ते मंगळवेढ्याला १३३८ मध्ये कुसू कोसळून त्याखाली गेले. गोष्टीतल्या कावळ्याचे घर पावसाने गेले, चोखोबांवर भिंतच आली. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. अस्थीसुद्धा दारापर्यंतच. ते दार उघडायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावावे लागले. सहाशेहून अधिक वर्षे आत बाळाला तीटच लावणे चालू होते म्हणायचे. आणि पुढे नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, ह्याच नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली. दार ठोठावून थकलेल्यांनी आपले वेगळे पक्के घर बांधले. आम्ही दीक्षाभूमीवरून जाताना कुणी कुणी म्हणतात, दुरावले. दुरावले खरे, पण जिन्यावरून खाली कोण उतरले आणि वर बसून कोण ऐकत होते, तेवढे आठवावे.

ज्ञानोबारायांनी पसायदानात जीवांचे परस्परांशी मैत्र मागितले, हे आपण रोज म्हणतो. त्यांनीही एकदा रागाने ताटी लावून घेतली होती, आणि तेव्हा बाहेर मुक्ताई उभी होती. तिने हाका मारणे सोडले नाही म्हणून ती ताटी उघडली. एकाकी तेव्हा आत बसलेला होता, बाहेरची नव्हे. काकाजी रोज येत होते ते आपल्याच एकटेपणामुळे, असे मी धरून चाललो होतो. आता दिवेलागणीला जिना मुका असतो, तेव्हा वाटते, त्यातले थोडे माझेही असावे.

नातीच्या प्रश्नाला मी त्या रात्री उत्तर दिले नाही. मेला म्हणावे तर ती घाबरेल, नाही म्हणावे तर खोटे. कारण पावसात भिजलेले पाखरू मरते, हे तिने आमच्याच अंगणात पाहिलेले आहे. मुलांना मरण सांगू नये म्हणतात. पण विचारले तिनेच होते.

परवा तिने पुन्हा तीच गोष्ट मागितली. काजळापाशी आलो आणि अडलो. तेव्हा पुढची तीच सांगू लागली. तिच्या गोष्टीत चिमणी आतून ओरडते, “काऊदादा, तिथं नको उभा राहू, वळचणीखाली ये, तिथं पाणी नाही लागत.” मग बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, सगळे करते, आणि दार उघडते. कावळा आत येऊन चुलीजवळ बसतो. चुलीवर नाही, जवळ, हे तिने मला दोनदा बजावले. मी विचारले, “मग पुढं?”

“पुढं काही नाही आबा,” ती म्हणाली. “पाऊस चालूच आहे.”