जपणाऱ्यांचा हक्क

8 मे 1977 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचा कार्यक्रम झाला. जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची एक राष्ट्रीय नोंदवही अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस चालवते. 2012 मध्ये जाहीर झालेल्या तिच्या यादीत या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण होतं. त्या वेळी ते कुठल्याही दुकानात विकत मिळत नव्हतं. अधिकृत प्रकाशनाला 2017 साल उजाडावं लागलं, म्हणजे कार्यक्रमाला तोवर 40 वर्षं झाली होती. जे प्रकाशितच झालेलं नाही, ते राष्ट्राचा ठेवा ठरलं कसं? कारण ते हजारो श्रोत्यांच्या घरांत होतं. त्यांनी त्याच्या प्रती काढून एकमेकांना दिल्या, इतर रात्रींशी ताडून पाहिलं, त्यावर हिरिरीने वाद घातले. या संगीताचं मोल कंपनीने ओळखण्याआधी कितीतरी वर्षं श्रोत्यांनी ओळखलेलं होतं.

जुन्या बँडच्या तिजोरीतल्या कार्यक्रमांची वाट पाहणारा चाहता म्हणजे गतकाळात रमलेलं, खिसा सैल सोडणारं गिऱ्हाईक, असा एक समज असतो. ग्रेटफुल डेडच्या श्रोत्यांचा इतिहास पाहिला की हा समज टिकत नाही. जिथे संग्रह उभा करण्यात आणि वाचवण्यात श्रोत्यांचा हात आहे, तिथे त्या संग्रहाच्या प्रकाशनावर त्यांचा नैतिक हक्क आहे असं मला वाटतं. तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो विश्वस्त आहे, आणि त्याने विश्वस्तासारखंच वागलं पाहिजे.

हा हक्क समजण्यासाठी आधी या संगीताचा स्वभाव समजून घ्यायला हवा. 1965 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हा बँड जमला आणि 9 ऑगस्ट 1995 रोजी त्याचा मुख्य गिटारवादक जेरी गार्सिया याचं निधन झाल्यावर थांबला. या 30 वर्षांत त्यांनी 2,300 च्या आसपास कार्यक्रम केले. आज काय वाजवायचं याची ठरीव यादी ते ठेवत नसत. एखादं गाणं एका रात्री दहा मिनिटांत संपे, तर दुसऱ्या रात्री अर्ध्या तासाच्या आसपास चाले. एका गाण्यातून दुसऱ्यात कसं शिरायचं, हे मंचावरच ठरे. स्टुडिओत केलेल्या तबकड्यांत हे फारसं उतरलं नाही. त्यांचं खरं काम रात्रीरात्रींत विखुरलेलं आहे. त्यामुळे ‘हे गाणं तर आधीच प्रकाशित झालंय’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. राग तोच, गायक तोच, तरी कालची मैफल आणि आजची मैफल वेगळी, हे आपल्या कानांना ठाऊक आहे. इथे तर प्रत्यक्ष नातंही आहे. बँडचा तालवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँच्या तबल्याने भारावून गेला होता आणि लयीचे अवघड हिशेब बँडच्या वादनात आले त्यामागे ही ओढ होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सॅन राफेल इथे उस्ताद अली अकबर खाँचं संगीत महाविद्यालय होतं. तिथल्या तालवर्गातून झाकिर हुसेन आणि हार्ट यांचा दिगा ऱ्हिदम बँड आकाराला आला आणि 1976 मध्ये त्यांची तबकडी निघाली. मुंबईत वाढलेला एक तबलावादक आणि कॅलिफोर्नियाचा एक ड्रमवादक यांची जोडी जमली, कारण दोघांच्याही संगीताचा प्राण त्या त्या क्षणी सुचण्यात होता.

क्षणी सुचलेलं टिकायचं तर कुणीतरी ते टिपायला हवं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही श्रोते टेपरेकॉर्डर लपवून आत नेऊ लागले. बहुतेक बँड आणि त्यांच्या कंपन्या याला सरळ चोरी मानत. ग्रेटफुल डेडने हळूहळू वेगळी वाट धरली. आपलं वाजवून झालं, आता ते ऐकणाऱ्यांचं, अशी गार्सियाची भूमिका होती. ऑक्टोबर 1984 मध्ये बर्कलीच्या कार्यक्रमांपासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटं निघाली आणि ध्वनियंत्रणेच्या टेबलामागची जागा त्यांना नेमून दिली गेली. तिथे मायक्रोफोनच्या उंच काठ्यांचं रान उभं राही.

या टेपरमंडळींनी स्वतःला एक शिस्त घालून घेतली होती, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा तीच आहे. टेप विकायची नाही. कुणाला प्रत हवी असेल तर त्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवायचं; प्रत काढून देणाऱ्याने वेळ द्यायचा आणि बदल्यात पैसा घ्यायचा नाही. 1974 मध्ये अशा देवाणघेवाणीसाठी सुरू झालेलं एक छोटं पत्रक पुढे ‘रेलिक्स’ नावाचं संगीतविषयक नियतकालिक झालं. कुठल्या रात्री काय वाजलं याच्या तपशीलवार नोंदी करून त्यांचे जाडजूड ग्रंथ चाहत्यांनीच काढले. एखाद्या विद्यापीठाच्या संग्रहालयाने करावं ते काम नोकरीधंदा सांभाळणाऱ्या लोकांनी रात्री जागून केलं.

बँडच्या बाजूनेही मुद्रण होत होतं. ध्वनितंत्रज्ञ आउस्ली स्टॅन्ली आपल्या कामाची परीक्षा घेण्यासाठी कार्यक्रम टेप करून ठेवी. बेटी कॅंटर-जॅक्सन या ध्वनितंत्रज्ञ महिलेने सत्तरच्या दशकात केलेल्या टेप्स तर आजही कानाला थक्क करतात: प्रत्येक वाद्य आपापल्या जागी, तरीही सभागृहाची हवा शाबूत. पण याच टेप्सचं काय झालं पाहा. भाड्याने घेतलेल्या गोदामाचं भाडं थकलं आणि 1986 मध्ये तिथलं सामान लिलावात गेलं. मूळ टेप्स अनोळखी हातांत पांगल्या, काही वर्षानुवर्षं ओलाव्यात पडून राहिल्या. त्यांतल्या कित्येक वाचल्या, कारण त्या चाहत्यांपर्यंत पोहोचल्या आणि त्यांनी त्यांच्या प्रती काढल्या. कॉर्नेलची ती रात्र जगाने ऐकली ती याच टेप्समुळे. मूळ टेप्स बँडच्या साठ्यात परतल्या तेव्हाच 2017 चं अधिकृत प्रकाशन शक्य झालं. मालकाच्या हातून सुटलेला ठेवा श्रोत्यांनी जपला, हा नोंदलेला इतिहास आहे.

मग प्रश्न येतो: ध्वनिमुद्रण घरात असताना अधिकृत प्रकाशनाची वाट कशासाठी पाहायची? कॅसेटवरून कॅसेट काढताना प्रत्येक प्रतीबरोबर खरखर वाढते आणि वेगही सरकतो. चौथ्या-पाचव्या पिढीच्या प्रतीत गिटारचा स्वर मुळापेक्षा चढा किंवा उतरता लागतो. मूळ रुंद टेप हाती असली तर आज बरंच काही करता येतं. टेपरेकॉर्डर मुद्रणाच्या वेळी मानवी कानाला न ऐकू येणारा एक अतिउच्च संकेत टेपवर सोडतो. प्लॅन्जेंट प्रोसेसेस या तंत्रात तोच संकेत वाचून पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्राच्या वेगातली सूक्ष्म थरथर दुरुस्त करतात. जुन्या टेप्सचा थर चिकट झाला असेल तर त्या वाजवण्याआधी मंद उष्णतेत तासन् तास तापवाव्या लागतात. हे जाणकार हातांनीच करण्याचं काम आहे आणि त्याला पैसा लागतो. चाहते वाट पाहतात ती याची: आपण धुक्यातून जे ऐकलं, ते एकदा स्वच्छ ऐकायला मिळावं.

हे काम सुरुवातीला योग्य हातांत पडलं. डिक लॅट्वाला हा मुळात टेप्स जमवणारा चाहता; पुढे बँडने त्यालाच आपल्या साठ्याचा रखवालदार केलं. 1993 मध्ये त्याच्या निवडीची ‘डिक्स पिक्स’ ही मालिका सुरू झाली. पहिला कार्यक्रम होता फ्लोरिडातल्या टॅम्पाचा, 19 डिसेंबर 1973 चा. मालिकेतल्या डिस्कवर मुद्रणातले दोष घेणाऱ्याला आधीच सांगून टाकलेले असत. 1999 मध्ये लॅट्वाला गेला. मालिका 36 भागांपर्यंत चालली. आहे ते जसंच्या तसं पुढे करणाऱ्या या प्रामाणिकपणाला श्रोत्यांनी भरभरून दाद दिली.

2006 मध्ये बँडने वॉर्नर समूहातल्या राइनो या कंपनीशी करार केला आणि टेप्सचा साठा दक्षिण कॅलिफोर्नियात गेला. 2012 पासून लॅट्वालानंतरचा साठ्याचा रखवालदार डेव्हिड लेमियू याच्या निवडीची ‘डेव्हज पिक्स’ मालिका निघते, वर्षाला चार कार्यक्रम. निवड उत्तम, तांत्रिक काम त्याहून उत्तम. पण पहिल्या भागाच्या प्रती 12,000 च, प्रत्येकीवर क्रमांक छापलेला. पुढे प्रती वाढवत नेल्या, तरी मर्यादा कायम राहिली. प्रती संपल्या की तीच डिस्क दुप्पट-चौपट किमतीला फिरते, आणि तो नफा ना कलावंताला मिळतो ना टेप्सच्या जतनाला. ज्या समाजाने ‘विकायचं नाही’ या नियमावर हे संगीत वाढवलं, त्याच्यावर साठेबाजीचा बाजार लादणं मला चुकीचं वाटतं.

मर्यादेमुळे धोका टळतो आणि आगाऊ पैसा हाती येतो, असं कंपनीच्या बाजूने म्हणता येईल. त्याचं उत्तर कंपनीच्याच अनुभवात आहे. 1972 च्या युरोप दौऱ्यातले सगळे 22 कार्यक्रम 73 डिस्कच्या पेटीत काढायचं 2011 मध्ये ठरलं. 7,200 पेट्यांची आगाऊ नोंदणी चार दिवसांत संपली. तेव्हा थाटमाट वगळून फक्त डिस्कची साधी आवृत्ती काढली गेली, नंतर एकेक कार्यक्रमही सुटा मिळू लागला. त्याने आधीच्या पेटीची शान कमी झाली नाही. देखणी पेटी मोजक्यांसाठी जरूर असावी. संगीत मात्र मोजक्यांसाठी असू नये. मागणीबद्दल शंका घेण्याचंही कारण उरलेलं नाही. ज्या बँडचं आयुष्यभरात एकच गाणं बिलबोर्डच्या यादीत पहिल्या दहात आलं, त्याचे पहिल्या चाळिसात गेलेले अल्बम 2024 मध्ये 59 झाले. एल्व्हिस प्रेसली आणि फ्रँक सिनात्रा यांनाही त्याने मागे टाकलं, ते मुख्यतः या जुन्या कार्यक्रमांच्या बळावर.

याहून गंभीर आक्षेप कलावंताच्या बाजूचा आहे. फसलेली रात्र झाकून ठेवण्याचा अधिकार कलावंताला नाही का? गार्सियाच्या अखेरच्या वर्षांत त्याची प्रकृती ढासळली होती आणि ते वादनात ऐकू येतं. हा आक्षेप मी हलका मानत नाही. जो कलावंत हयातीत मुद्रणाला नकार देतो, त्याचा नकार त्याच्यामागेही पाळला पाहिजे. पण इथे संमती स्वतः बँडनेच दिली होती, आणि चांगल्या-वाईट रात्रींची निवड न करता दिली होती. श्रोत्यांसमोर जोखीम घेणारी कला केवळ यशस्वी रात्रींवरून समजत नाही. केवळ गाजलेल्या तारखा पुन्हा पुन्हा काढत राहिलो तर 30 वर्षांच्या शोधाचा अर्थ काही मोजक्या शिखरांपुरता उरेल.

मुद्रणांवर हक्क कुणाचा, या प्रश्नाला नोव्हेंबर 2005 मध्ये तोंड फुटलं होतं. इंटरनेट आर्काइव्हवर या बँडचे हजारो कार्यक्रम कुणालाही उतरवून घेता येत होते. बँडच्या वतीने ते एकाएकी थांबवण्यात आलं. श्रोते खवळले, बँडचा बेसवादक फिल लेश यानेही आपण या निर्णयात नव्हतो असं जाहीर केलं. थोड्याच दिवसांत तडजोड झाली: श्रोत्यांनी केलेली मुद्रणं पुन्हा उतरवून घेता येऊ लागली, बँडच्या साउंडबोर्डवरची, म्हणजे ध्वनियंत्रणेच्या टेबलावरून थेट केलेली मुद्रणं फक्त तिथेच ऐकता येतील असं ठरलं. ही सीमारेषा मला न्याय्य वाटते. श्रोत्याच्या श्रमाचं फळ मोकळं राहिलं आणि बँडच्या श्रमाला मोबदल्याची वाटही राहिली.

एकाच कुलपाआड सगळं ठेवण्यात काय धोका असतो, हे लॉस एंजलिसजवळच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात 1 जून 2008 रोजी लागलेल्या आगीने दाखवलं. कितीतरी कलावंतांच्या मूळ टेप्स तिथे होत्या, आणि नुकसानीची व्याप्ती लोकांना कळली ती 2019 मध्ये, एका वृत्तपत्राच्या शोधातून. काय होतं याची यादीच लोकांपुढे नसली, की काय गेलं हेही कळत नाही.

म्हणून विश्वस्ताकडे चार गोष्टी मागायला हव्यात. साठ्यात काय आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे याची यादी जाहीर असावी. प्रत्येक प्रकाशनाची साधी, प्रतींची मर्यादा नसलेली आवृत्ती असावी. विक्रीशिवाय होणाऱ्या श्रोत्यांच्या देवाणघेवाणीला हात लावू नये. आणि मूळ टेप्सची एक प्रत सार्वजनिक संस्थेत असावी. 2008 मध्ये बँडने आपली कागदपत्रं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेला दिली. कागदांना जो आसरा मिळाला, तो आवाजालाही मिळायला हवा.

हीच मागणी आपल्याकडेही करायला हवी. महाराष्ट्रात कितीतरी खासगी मैफली रसिकांनी स्पूलवर आणि कॅसेटींवर टिपल्या आहेत; त्या घराघरांतल्या कपाटांत आहेत, काही संस्थांच्या आणि आकाशवाणीच्या संग्रहांत आहेत. ज्यांनी त्या टिपल्या ती पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि पावसाळी हवेत टेपवरचा थर कुणासाठी थांबत नाही. कलावंतांच्या कुटुंबीयांची संमती आणि मानधन, संग्राहकाच्या श्रमाची नोंद, आणि सर्वांना परवडेल असं प्रकाशन, या तीन पायांवर इथेही काम उभं राहू शकतं. ग्रेटफुल डेडच्या श्रोत्यांनी दाखवून दिलं आहे की संगीत वाटल्याने कलावंताचं मोल घटत नाही. त्यांची रात्रीरात्रींची टेप फुकट फिरत होती म्हणूनच त्याच रात्रींसाठी आज लोक पैसे मोजायला रांगेत आहेत. ज्यांच्या विश्वासावर हा ठेवा उभा राहिला, त्यांच्या हयातीत तो त्यांच्या हाती देणं हे मालकाचं औदार्य नव्हे, ते त्याचं देणं आहे.